नेमार येणार होता! लांबलेली दुखापत आणि आपले तर्क (अनुभव धागा)

सानपाडाकर

२४ ऑगस्ट २०२३ला आशियातल्या फुटबॉल क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ निघाला. ‘ड’ गटात इराणचा नसाजी, उझबेकिस्तानचा नवबहोर, सौदीचा अल हिलाल आणि आपली मुंबई सिटी. ब्राझीलचा नेमार पॅरिसचा क्लब सोडून अल हिलालला गेल्याला तेव्हा जेमतेम आठवडा उलटला होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी पाण्याच्या टँकरशिवाय विषय नसतो, तिथेही ‘नेमार भारतात’ येऊन पडलं. मुंबई सिटीने घरचा पहिला सामना बालेवाडीत खेळल्यामुळे नेमार पुण्यात की नवी मुंबईत, यावर बरीच भांडणं झाली. शेवटी नेरूळचं डी. वाय. पाटील. ६ नोव्हेंबर, दिवाळीच्या आधीचा सोमवार.

मग १७ ऑक्टोबर आला. मोंतेविदेओला उरुग्वे-ब्राझील, आपल्याकडे बुधवारची पहाट, नवरात्र चालू. मध्यंतराच्या जरा आधी नेमार पडला आणि रडतच स्ट्रेचरवरून बाहेर गेला. निदान लगेच आलं : डाव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध) आणि मेनिस्कस (हाडांमधली कूर्चेची गादी), दोन्ही फाटलेलं. २ नोव्हेंबरला बेलो होरिझोंतेमध्ये शस्त्रक्रिया.

इतकं सगळं जाहीर असूनही सामन्याच्या दुपारपर्यंत माझ्या फोनवर काय काय येत होतं! खेळणार नाही पण हात हलवायला येणार. आलेलाच आहे, जुहूला उतरलाय. दुखापत नाहीच, इथल्या मैदानावर खेळायचं नाही म्हणून नाटक. हा शेवटचा तर्क माझा सर्वांत आवडता. मोंतेविदेओत घायाळ होऊन पडताना त्या माणसाच्या डोक्यात नेरूळचं गवत होतं, असं आमच्यातल्या निम्म्या लोकांनी खुशाल धरून चाललं होतं. मला तेव्हापासून वाटतं की असल्या तर्कांत खेळाडूच्या गुडघ्याबद्दल फार थोडं असतं. आपलं तिकीट, आपली रजा, आपण आधीच मारलेल्या बढाया, हेच सगळं त्यात असतं.

तर लिहा. ऐकलेले, मानलेले, पुढे ढकललेले तर्क. नेमारच पाहिजे असं नाही. डॉक्टर नसाल तर निदान करू नका, एवढीच अट.

पेठेतला फॉरवर्ड

कोल्हापूरकर बोलणारच, राव.

आमच्याकडं वर्ल्ड कप म्हंजे गल्लीगल्लीत कटआउट. २०२२ला आमच्या कोपऱ्यावर नेमार, समोरच्या चौकात मेस्सी. सर्बियाच्या मॅचला नेमारचा उजवा घोटा सुजला, त्याचा फोटो सगळ्यांनी बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर आमच्या कटआउटच्या घोट्याला खरंखुरं क्रेप बँडेज! समोरच्या पोरांनी रात्री शिडी लावून बांधलेलं. पाय पण बरोबर उजवाच पकडला होता, हे मान्य करावं लागंल.

आता इकडं आमची थिअरी. घोट्याला काय झालेलंच नाही, कोच लपवतोय, बाद फेरीसाठी राखून ठेवलाय. स्वित्झर्लंडला नाही, कॅमेरूनला नाही, आणि ५ डिसेंबरला कोरियाविरुद्ध थेट उतरला, पेनल्टी मारली, ४-१. मग काय, आमच्यातला जो हे बोलला होता तो पेठेचा ज्योतिषी झाला. पुढं क्रोएशियानं घालवलं ते सोडा.

सांगायचं काय, की २०२३ला गुडघा गेला तेव्हा आमच्या ग्रुपवर हाच ज्योतिषी म्हणाला, “लपवतायत. सहा तारखेला शेवटच्या वीस मिनिटांत उतरवतील.” आणि लोकांनी ऐकलं! आम्ही नेरूळला जायला गाडी ठरवली होती. एमआरआयची बातमी आल्यावर काही जण गळाले, पण ज्योतिषाच्या भरवशावर काही टिकले. आम्ही गेलो.

आणि भावांनो, मॅच चांगली झाली, हे कुणी सांगतच नाही. रियाधला अल हिलालकडून सहा गोल खाल्लेली आपली मुंबई इथं पहिला हाफ ०-० धरून बसली. राहुल भेके, मुंबईचाच पोरगा, मागं उभा. उत्तरार्धात अल हिलालच्या मिशेलनं एक घातला, मित्रोविचनं शेवटी शेवटी दुसरा. माझ्या शेजारी बसलेला एक जण मात्र नव्वद मिनिटं अल हिलालच्या बाकड्याकडं मोबाइल झूम करून बसला होता. खेळ समोर चाललाय आणि हा बाकड्यावर नेमार शोधतोय.

ऋचाची आई

आमच्या घरात उलटं. लेक तेव्हा पाचवीत, दहा नंबरची पिवळी जर्सी घालूनच झोपायची. तिला शस्त्रक्रियेची बातमी दाखवली, तिने शांतपणे वाचली आणि म्हणाली, “मग आता तो नाही येणार.” संपलं. तर्क सगळे तिच्या बाबांचे आणि काकाचे. दोघं रात्री जेवताना नेमारचा विमानप्रवास ठरवत होते, बेलो होरिझोंते ते मुंबई, व्हाया दोहा. ती वरणभात खात ऐकत होती.

रियाधमधला नगरकर

इथली बाजू सांगतो. मी बरीच वर्षं रियाधला आहे, ऑफिसात सौदी सहकारी भरपूर. इथे पहिला प्रश्न हिलाली की नस्रावी, म्हणजे अल हिलालचा चाहता की अल नास्रचा; आडनाव, गाव नंतर.

१७ ऑक्टोबरनंतरच्या आठवड्यातच, २३ तारखेला, मुंबई सिटीचा इथे सामना होता. घरी बायकोने नवमीचा स्वयंपाक केला होता, तो उरकून गेलो. सहा गोल झाले. बाहेर पडताना एक हिलाली सहकारी माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला की नेमार नव्हता म्हणून सहावर भागलं. सौजन्य म्हणून ठीक होतं.

त्यानंतर वर्षभर ऑफिसात जे ऐकलं त्याच्या चार पायऱ्या होत्या असं मला वाटतं. आधी नुसती हळहळ. मग जानेवारी २०२४मध्ये क्लबने त्याचं नाव यादीतून काढून रेनान लोदीला घेतलं, तेव्हा ‘संपला, आता तो इथे दिसत नाही’. खरं तर त्यात गूढ काहीच नव्हतं. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, जो खेळू शकत नाही त्याची जागा अडवून ठेवण्यात अर्थ नाही. पण कँटीनमध्ये तो हिशोब कोणालाच नको होता. नस्रावी मंडळी ‘पगारी रजा’ म्हणून चिडवायची आणि हिलाली मंडळी त्याला क्लब वर्ल्ड कपसाठी जपलंय म्हणून सांगायची.

तिसरी पायरी मला अनपेक्षित होती. लोक त्याला विसरले. अल हिलालने त्या मोसमात सलग ३४ सामने जिंकले आणि लीग एकही सामना न हरता घेतली. ज्याच्यासाठी स्टेडियममध्ये आतषबाजी झाली होती त्याच्याबद्दल महिनोन् महिने कोणी बोललंच नाही. संघ हरत असला की प्रत्येकाला दुखापतग्रस्त खेळाडूचा गुडघा पाठ असतो. जिंकत असला की डावा की उजवा तेही आठवत नाही.

चौथी पायरी म्हणजे परत येणं. २१ ऑक्टोबर २०२४, अमिरातीत अल ऐनला, ५-४चा वेडा सामना. शेवटच्या पावतासात तो उतरला. वर्षाहून चार दिवस जास्त झाले होते. आम्ही एका कॅफेत बघत होतो. नस्रावीसुद्धा उभे राहिले, हे नोंदवून ठेवतो. पुढच्या सामन्यात, ४ नोव्हेंबरला, इराणच्या एस्तेघलालविरुद्ध बदली म्हणून आला आणि संपायच्या जरा आधी मांडी धरून बाहेर. तेव्हा मी मैदानात होतो. माझ्या पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ मागे वळून मुलाला म्हणाले, “चल, गर्दीच्या आधी गाडी काढू.” जानेवारीत करार परस्परसंमतीने संपला आणि तो ब्राझीलच्या सांतोस क्लबला गेला. अल हिलालसाठी एकूण सात सामने, एक गोल. तो गोलही तेहरानला, नसाजीविरुद्ध.

मडगावकर

वाचून बरं वाटलं. आता आमचं ऐका.

गोव्यात ब्राझील आणि पोर्तुगाल हे दोन पक्ष विधानसभेतल्या पक्षांपेक्षा जुने आणि जास्त निष्ठावान आहेत. मी ब्राझीलवाला, मोठा भाऊ पोर्तुगालवाला. त्यामुळे २०२३ला भाऊ हसला आणि २०२५ला मी.

२०२५मध्ये आशियातल्या क्लबांच्या दुसऱ्या स्पर्धेत एफसी गोवा आणि रोनाल्डोचा अल नास्र एकाच गटात आले. २२ ऑक्टोबर, पाडव्याचा दिवस, फातोर्डा. रोनाल्डोला दुखापत वगैरे काही नव्हती. तो त्या स्पर्धेच्या आधीच्या सामन्यांतही खेळला नव्हता, हेही सगळ्यांना माहीत होतं. तरी भाऊ म्हणायचा, फातोर्ड्याला येणारच, पोर्तुगालचा माणूस गोव्याला नाही येणार तर कुठे जाणार? हा तर्क मला इतिहासाच्या पेपरात लिहावासा वाटला. नाही आला. आमच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, १-२ने हरलो. ब्रायसनच्या गोलाला फातोर्डा जेवढं ओरडलं, तेवढं रोनाल्डो आला असता तरी ओरडलं नसतं. असं मी भावाला सांगितलं. त्याला पटलं नाही.

पण नेमारबद्दलच्या तर्कांचा राजा अजून इथे कोणी लिहिला नाही याचं आश्चर्य वाटतं. बहिणीचा वाढदिवस! म्हणजे तो साजरा करायला मिळावा म्हणून दर वर्षी नेमकी तेव्हाच दुखापत नाहीतर निलंबन. ११ मार्च. बार्सिलोनात असतानाही त्या सुमाराला निलंबन यायचं. २०१८ला उजव्या पायाचं हाड मोडलं, ३ मार्चला शस्त्रक्रिया, वाढदिवसाला माणूस ब्राझीलमध्ये. २०१९ला पुन्हा तोच पाय. २०२३ला घोट्याची शस्त्रक्रिया दोहाला, तारीख १० मार्च! एक दिवस आधी! माझा एक मित्र बँकेत आहे, त्याने याचा तक्ता केलाय. ब्राझीलवाला असूनही मी तो तक्ता खोटा म्हणू शकत नाही.

जुना गिरगावकर

तुम्हा मंडळींना नेमारचं एक वर्ष लांब वाटलं. आम्ही रोनाल्डोची वाट पाहिली आहे. पहिल्या रोनाल्डोची, ब्राझीलच्या. (मडगावकरांच्या बंधूंनी राग मानू नये.)

नोव्हेंबर १९९९, इंटर मिलान विरुद्ध लेचे. उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध फाटला. शस्त्रक्रिया, पाच महिने विश्रांती. १२ एप्रिल २०००, रोममध्ये लाझिओविरुद्ध कोपा इटालियाची अंतिम लढत, तो बदली म्हणून आला. सहा-सात मिनिटं झाली असतील. चेंडू घेऊन पुढे सरकला आणि कोणी हातही न लावता कोसळला. तोच गुडघा. मी ते केबलवर नंतर पाहिलं. आवाज बंद करून पाहावं लागलं.

त्यानंतरची दोन वर्षं. तेव्हा आमच्याकडे होतं काय? सकाळच्या पेपरात खेळाच्या पानावर तळाला चार ओळी, केबलवर आठवड्याचा एखादा कार्यक्रम, आणि धोबीतलावच्या इराण्याकडचा चहा. माहिती इतकी कमी की तर्काला रान मोकळं. आमच्यातला एक जण बुटांच्या कंपनीला दोष द्यायचा. दुसऱ्याचं म्हणणं, १९९८च्या वर्ल्ड कप फायनलच्या दिवशी जे झालं त्यातच सगळं आहे. त्या दुपारी रोनाल्डोला झटका आला होता, नाव संघाच्या यादीतून गेलं आणि पुन्हा आलं, एवढं खरं; त्यावर आमच्या गड्याने विषप्रयोगापर्यंत इमारत चढवली होती. तिसरा म्हणायचा, गुडघा केव्हाच बरा आहे, मनाने खचलाय. तिघांनाही मिळून ठोस माहिती होती ती त्या चार ओळींची.

आणि २००२चा वर्ल्ड कप. आठ गोल. ३० जूनला योकोहामात जर्मनीविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच. पण मला इथे सांगायचंय ते वेगळंच. उपांत्य सामन्याला तो कपाळावर त्रिकोणी झुलूप ठेवून, बाकी डोकं भादरून आला. आम्ही म्हटलं, पोराचं डोकं फिरलं. पुढे त्यानेच सांगितलं की तेव्हा त्याची जांघ दुखत होती, सगळे पत्रकार तेवढंच विचारत होते, म्हणून केस तसे कापले. दुसऱ्या दिवसापासून चर्चा केसांची. चाहते आणि पत्रकार यांना इतकं अचूक ओळखणारा दुसरा खेळाडू मी पाहिला नाही. त्याने आपल्याला चघळायला दुसरं काहीतरी दिलं आणि स्वतः निवांत झाला.

कोथरूडची फिजिओ

धागाकर्त्याच्या अटीत बसते, म्हणून लिहिते. लांब होईल.

माझ्याकडे टर्फवर पडलेली मुलं येतात. रात्री अकराचा स्लॉट, ऑफिसातून थेट, वॉर्मअप नाही, आणि गुडघ्यात ‘कट’ असा आवाज. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, परत कधी खेळू? दुसरा प्रश्न २०२३-२४मध्ये ठरलेला होता : नेमारला इतका वेळ का लागतोय, काही वेगळं आहे का? एकाच्या वडिलांनी तर मला पटवून दिलं की ब्राझीलच्या डॉक्टरांनी मुद्दाम लांबवलंय.

वेगळं काहीच नव्हतं, हीच खरी गोष्ट आहे. फाटलेलं एसीएल शिवून सहसा भागत नाही. स्वतःच्याच शरीरातून, गुडघ्याच्या वाटीखालून किंवा मांडीमागून, पट्टी काढतात आणि हाडात भोकं पाडून तिथे बसवतात. ही पट्टी बसवल्या दिवशी मजबूत असते. नंतर ती आधी कमकुवत होते, कारण तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, पेशी बदलतात, आणि महिन्यांनी ती लिगामेंटसारखं काम करू लागते. आता गंमत बघा. दोन-तीन महिन्यांनी सूज उतरलेली असते, दुखणं जवळजवळ नसतं, माणूस जिममध्ये सायकल मारतो. आणि साधारण त्याच काळात पट्टी सर्वांत नाजूक असते. खेळाडूचा हसरा व्हिडिओही नेमका तेव्हाच येतो. खाली चाहते लिहितात, बरा तर दिसतोय, मग खेळत का नाही? माझ्या पेशंटांचे व्हिडिओ नसतात, पण घरचे लोक हेच बोलतात : चालतोस तर नीट, मग सोसायटीच्या स्पर्धेला काय हरकत आहे?

त्यात नेमारचं मेनिस्कसही होतं. ते शिवलं की सुरुवातीचे आठवडे पायावर भार आणि गुडघ्याचा वाक दोन्हींवर बंधनं येतात. म्हणजे सुरुवातच मागून.

शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने थांबायचं, हा आकडा कोणाच्या लहरीवर ठरलेला नाही. त्याआधी खेळायला गेलेल्यांत गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसतं. आणि नऊ महिने झाले की आपोआप परवानगी मिळते असंही नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के आहे का, एका पायावर उडी मारून नीट उतरता येतं का, दिशा बदलताना गुडघा आत कोसळतो का, हे सगळं तपासतात. ब्राझीलच्या संघाचे डॉक्टर रॉद्रिगो लास्मार यांनी डिसेंबर २०२३मध्येच सांगितलं होतं की जून २०२४ची कोपा अमेरिका शक्य नाही. नोव्हेंबरमध्ये नऊ मिळवले की ऑगस्ट येतो. बोटांवर होणारा हिशोब. त्यावरही ‘ब्राझीलच्या संघात भांडण आहे’ असं मला कोणीतरी पाठवलं होतं.

आणि परत आल्यावर मांडी का गेली? वर्षभर सामना न खेळलेला तिशी ओलांडलेला माणूस स्प्रिंट मारतो. सरावात कितीही पळवलं तरी सामन्यातली ओढ वेगळी असते. पुनरागमनानंतरच्या पहिल्या महिन्यांत स्नायू जाणं हे आमच्यासाठी रोजचं आहे.

एक मान्य करते. चाहत्यांनी संशय घ्यायला क्लबसुद्धा हातभार लावतात. २०१८ला पॅरिसमध्ये प्रशिक्षक उनाई एमेरी म्हणत होते की शस्त्रक्रियेचं काही ठरलेलं नाही, नेमारचे वडील म्हणत होते सहा ते आठ आठवडे बाहेर, आणि एका दिवसात शस्त्रक्रिया जाहीर झाली. असं एकदा घडलं की पुढच्या प्रत्येक खऱ्या पत्रकावर लोक हसणार. माझ्याकडे तरी पेशंटच्या घरच्यांना मी सगळ्या तारखा लिहूनच देते. तरी शेजारचे काका वेगळी तारीख सांगतातच.

डावी विंग

फिजिओताई, तुमचं वाचून लिहायचं धाडस झालं. मी जिल्हा पातळीवर खेळायचे, विदर्भात. गाव सांगत नाही, ओळखतील.

माझंही एसीएल गेलं. सामन्यात, एकटीच वळताना. मला कोणी ढकललं नव्हतं म्हणून पहिल्या दिवसापासून लोकांना ते खरंच वाटलं नाही. मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या किमान दुप्पट होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझ्याबद्दल तर्क सुरू झालेत, आणि ते माझ्यापर्यंत सगळे पोचत होते.

लग्न ठरलंय, म्हणून घरच्यांनी बंद केलं. लग्न ठरत नाहीये, म्हणून घरच्यांनी बंद केलं. (हे दोन्ही एकाच आठवड्यात.) रेल्वेची ट्रायल नापास झाली, म्हणून तोंड लपवतेय. एका काकूंनी आईला विचारलं, गुडघाच आहे ना नक्की? आई त्या रात्री जेवली नाही. आमचे तेव्हाचे एक प्रशिक्षक ज्युनिअर मुलींना सांगायचे की ती मनानेच संपली, गुडघ्याचं निमित्त आहे.

खरं कारण एका ओळीचं होतं. शस्त्रक्रियेचे पैसे जमायला वेळ लागला. बाबांनी भिशी लागायची वाट पाहिली. त्यामुळे माझं वर्ष आधीच उशिरा सुरू झालं. हे आम्ही कोणाला सांगितलं नाही, कारण ते सांगायचं नव्हतं. लोकांना रिकामी जागा दिसली, त्यांनी ती भरली.

नेमार पडला तेव्हा मी व्यायाम करत होते, पायाला वाळूची पिशवी बांधून. मी कधीच त्याची फॅन नव्हते, फार पडतो असंच म्हणायचे. पण त्यानंतर त्याच्याबद्दल जे जे वाचलं, पार्टी, पैसा, इच्छाच नाही, ते सगळं मला आमच्या गल्लीतल्या आवाजात ऐकू यायचं. मी स्क्रीनशॉट काढून बहिणीला पाठवायचे, “हे बघ, याचंही लग्न ठरलंय.” मला धीर दिला तो मात्र स्पेनची फुटबॉलपटू अलेक्सिया पुतेयास हिने. जुलै २०२२ला युरोच्या तोंडावर सरावात तिचं एसीएल गेलं, एप्रिलच्या शेवटी ती परतली, आणि ऑगस्ट २०२३ला स्पेनबरोबर वर्ल्ड कप उचलला. दहा महिन्यांत तिच्याबद्दल कोणी वाढदिवसाचा तक्ता केला असेल का, मडगावकर?

आता पुन्हा खेळते. विंगवर नाही, मागे. वेग तेवढा राहिला नाही, पण पास चांगला पडतो. ते प्रशिक्षक आता दुसरीकडे आहेत.

सानपाडाकर

डावी विंग, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

पेठेतल्या फॉरवर्डना विचारायचं राहिलं : ज्योतिषी सध्या काय म्हणतोय?

पेठेतला फॉरवर्ड

त्यानं आता क्रिकेट धरलंय. बुमराहच्या पाठीवर बसलाय.

कोथरूडची फिजिओ

मडगावकर, तुमच्या मित्राच्या तक्त्याबद्दल. ११ मार्च २०२०, पॅरिस, चॅम्पियन्स लीग, डॉर्टमुंडविरुद्ध. करोनामुळे स्टेडियम रिकामं. नेमार खेळला, डोक्याने गोलही केला. बरोबर वाढदिवसालाच. ही नोंद तक्त्यात आहे का?

मडगावकर

करोनाचं वर्ष धरायचं नाही असा नियम आहे, ताई. मित्राने तळटीप दिली आहे.

आणि २०२५ घ्या की. मार्चच्या सुरुवातीला रिओच्या कार्निव्हलमध्ये हजर. ९ मार्चला सांतोसच्या कोरिंथियन्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पूर्ण वेळ बाकावर. आठवडाभरात ब्राझीलच्या संघातूनही नाव मागे.

कोथरूडची फिजिओ

मांडी. वर्षभर न खेळलेल्या माणसाची. वर सविस्तर लिहिलंय.

मडगावकर

वाचलं ना, ताई. दोनदा वाचलं, पटलंसुद्धा. पण तारीख बघा की.